मटाराएवढं दगडफूल

“पण सर, चारशे आणि हजार यांत फरक आहे, एवढं तरी मान्य कराल?”

हेमांगी तारकुंडेनं हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला होता. सोवनीसर खेचरावर डुलत बसले होते. त्यांनी मान हलवली. ती होकारासाठी हलली की खेचर अडखळलं म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता.

हिमाचलातल्या लाहौलमधली ती एक आडबाजूची दरी. वर हिमनदी, आणि तिच्या तोंडापासून कोसभर खाली दगडमातीचा भलाथोरला बांध आडवा पडलेला. हिमनदी एके काळी इथवर पुढं सरकली होती, तेव्हा तिनंच तो ढकलत आणला होता. वाद एवढाच होता, की कधी.

सरांनी ऐन तरुणपणी त्या बांधाच्या पोटातून भूर्जाचं एक गाडलं गेलेलं खोड काढलं होतं आणि त्यावरून चारशे वर्षं सांगितली होती. पुढं सगळे तेच मानत आले. हेमांगी ही सरांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी, आणि हे तिलाही चांगलं ठाऊक होतं. तिचं म्हणणं, खोड मागाहून एखाद्या दरडीबरोबर आत शिरलं असणार. बांध हजार वर्षांचा आहे.

तिचा पुरावा होता दगडफूल. आपण मसाल्यात घालतो त्याचंच एक लांबचं भावंड, पिवळट हिरवं, जुनं झालं की दगडाला असं चिकटतं की नखानं निघत नाही. ते वर्षाला केसाएवढं वाढतं. ही वाढ नक्की किती, ते कळलं की कुठला दगड किती वर्षं उघड्यावर पडलाय ते सांगता येतं. पण वाढ काढायला आधी एक असा दगड लागतो, ज्याचं वर्ष पक्कं माहीत आहे.

तो तिला मोहिमांच्या जुन्या तळाच्या जागी मिळाला होता. त्याच्यावर छिन्नीनं १९७४ कोरलेलं होतं. पन्नास वर्षांत त्यावरचं सगळ्यांत मोठं दगडफूल मटाराच्या दाण्याएवढं झालं होतं, सहा मिलिमीटर. बांधावरचं सगळ्यांत मोठं होतं पुरीएवढं. पुढचं गणित शाळेतल्या पोरानंही केलं असतं.

तिचा लेख छापायला स्वीकारला गेला होता. शेवटची प्रत आठ दिवसांत पाठवायची होती. त्याआधी आशीर्वाद घ्यावा म्हणून तिनं सरांना पुण्याला फोन केला होता. आशीर्वाद आपलं म्हणायला. सरांनी ‘माझं चुकलं’ म्हणावं, अशी तिची इच्छा होती. आणि ते म्हणताना त्यांना वाईट वाटू नये, अशीही होती. दोन्ही एकदम कसं जमायचं, याचा विचार तिनं केला नव्हता.

सरांनी फोनवर एकच विचारलं, वाढ कुठल्या दगडावरून काढलीस?

तिनं सांगितलं.



मग सर म्हणाले, मला तिथं घेऊन चल. वय अठ्ठ्याहत्तर, हृदयावर एक शस्त्रक्रिया होऊन गेलेली. मुलानं समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. सरांनी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि बॅग भरली.

आता दुपार कलली होती. खेचरवाला नोरबू तंबू ठोकायला पुढं गेला. हेमांगीनं सरांना हाताला धरून उतरवलं. तिला वाटलं, ते आधी बांधाकडे बघतील. ते तडक दगडाकडे गेले.

गुडघे कुरकुरत होते, तरी ते खाली बसले. पाठीवरच्या पिशवीतून त्यांनी काथ्याचा एक बोळा काढला. नारळाचा, भांडी घासतात तसला.

हेमांगीला हसू आलं. इतक्या उंचावर भांडी घासायला आलात का, असं तिनं विचारलंसुद्धा.

सरांनी बाटलीतलं पाणी बोळ्यावर ओतलं आणि ते दगड घासू लागले. आधी कडा. मग खालची बाजू. मग एकाचा आकडा, नवाची गोलाई, साताची काठी... त्यांचा हात कुठं अडखळत नव्हता. वाट पाठ असलेल्या माणसासारखा तो चालला होता.

चारच्या आकड्याशेजारी ते मटाराएवढं दगडफूल होतं. तिथं हात थांबला.

हेमांगीचं हसू केव्हाच विरलं होतं.

“सर... हे तुम्ही याआधीही करायचात?”

“दर सप्टेंबरला.”

“असं घासून?”

“असंच. आमची ही दर वर्षी नवा काथ्या बांधून द्यायची.”

हेमांगी त्यांच्यासमोर खाली बसली.

ती सरांकडे शिकायला आली तेव्हा त्यांचं डोंगर चढणं नुकतंच थांबलं होतं. त्यामुळं तिला हे कधी दिसलं नव्हतं. आणि दगडावर वर्ष आहे म्हटल्यावर ते कुणी, कशासाठी कोरलं, असं तिनं कुणालाही विचारलं नव्हतं. वर्ष मिळालं, तिचं काम झालं होतं.

“कुणाचा आहे हा दगड?” तिनं आता विचारलं.

सरांनी सांगितलं, ते तुटक सांगितलं. अंगरूप नावाचा हमाल होता, इथलाच. हिमनदीवर चालायला त्यानं सरांना शिकवलं. काठी आपटायची, आवाज ऐकायचा, मग पाऊल टाकायचं. एका संध्याकाळी सर नमुन्यांची पिशवी वर विसरून आले. अंगरूप हसला आणि पिशवी आणायला परत गेला.

“दगडांची पिशवी होती गं,” सर म्हणाले. “नुसते दगड होते त्यात.”

वारा सुटला होता. हेमांगीनं आपला मफलर काढून त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला. त्यांनी गुंडाळू दिला.

“नाव का नाही कोरलंत?”

“कोरणार होतो. वर्षाच्या आकड्यापर्यंतच हात चालला.”

...

तिचं डोकं मात्र थांबायला तयार नव्हतं. ते तिचं कधीच थांबत नसे. दर वर्षी काथ्या फिरत होता, म्हणजे नवं दगडफूल धरलं की निघून जात होतं. हे समोरचं पन्नास वर्षांचं नव्हतंच. सरांचं येणं बंद झालं, तेव्हापासूनचं होतं.

शेवटचं केव्हा आला होतात, हे तिनं हळूच विचारलं. दोन हजार पाचला, सर म्हणाले.

एकोणीस वर्षं. तिनं सहाला एकोणीसनं भागलं. मग बांधावरचं पुरीएवढं दगडफूल घेतलं आणि मनातल्या मनात पुन्हा हिशेब मांडला. उत्तर तीनशे ऐंशीच्या आसपास आलं. तिनं परत करून पाहिलं. तेच आलं.

भूर्जाचं खोड खरं बोलत होतं.

तिचे कान तापले. सर आता काहीतरी म्हणतील म्हणून ती खाली बघत राहिली. मी सांगत होतो, असं म्हणतील. निदान हसतील. सर दगडावरचं पाणी बाहीनं टिपत होते. चारशे की हजार, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“सर, फोनवरच सांगायचं ना. एवढं वय, एवढी चढण... तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?”

“फोनवर सांगितलं असतं, तर तू दगड बदलला असतास.”

ते खरं होतं. दुसरा एखादा दगड शोधून तिनं आकडा दुरुस्त केला असता, आणि या दगडापाशी पुन्हा कधी फिरकली नसती. तिला रडू फुटलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

जरा वेळानं तिनं डोळे पुसले. सरांच्या हातातला काथ्या घेतला, त्यावर पाणी ओतलं आणि तो त्या दगडफुलाशी नेला. एवढंच राहिलं होतं. इथून पुढं दर सप्टेंबरला आपण येऊ, असं तिनं ठरवूनही टाकलं होतं.

सरांनी तिचं मनगट धरलं.

“बाकीचा घास. ते राहू दे.”

“का, सर?”

त्या ठिपक्याभोवती सरांनी एकदा बोट फिरवलं...

हेमांगीनं वही काढली. आपल्या तक्त्यातली पहिली ओळ तिनं खोडली. हीच ती ओळ, जिच्यावर तिचा सगळा लेख उभा होता. खोडलेल्या ओळीखाली तिनं पेन टेकवलं आणि विचारलं, “मग या दगडफुलापुढं काय लिहू, सर?”



“लिही... एकोणीस वर्षं हात फिरला नाही.”