रोजचे चाळीस

"पण त्या चाळीस जणांचं पुढे काय होणार, एवढं तरी सांगाल की नाही?"

निशिकांतने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता. पहिल्या दोन्ही वेळा हुसेनबाबांनी नुसता पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला होता. ऊन असं होतं की दोन्ही वेळा त्याने तो रिकामा करून खाली ठेवला.

या खेपेला बाबांनी मान वर केली.

"कुठले चाळीस?"

निशिकांतला हायसं वाटलं. माणूस बोलायला लागला म्हणजे काम होणार. त्याने पिशवीतून वही काढली आणि मांडी बदलून बसला.

बाबांच्या तकियाच्या, म्हणजे फकिराच्या मठीच्या, ओट्यावरून समोरच कासारनाका दिसत होता. रोज सकाळी तिथे पत्र्याच्या शेडखाली दीडएकशे मजूर येऊन उभे राहत. गवंडी, फरशीवाले, रंगारी, बिगारी, सगळेच. शहरात कुणाला माणूस लागला की तो नाक्यावर येई आणि हवे तितके घेऊन जाई. हुसेनबाबाही तिथलेच. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, नजर अधू झाली तशी थापी खाली ठेवली आणि फकिराची कफनी चढवली. पण नाक्यावरचं भांडण अजून त्यांच्याच ओट्यावर मिटत असे. कलेक्टर येवो नाहीतर कचरा वेचणारा, बाबा सगळ्यांना अरे-तुरे करत.

निशिकांत हुलसूरकर शिकलेला माणूस. अर्थशास्त्रात डॉक्टर. पुढच्या दहा वर्षांत जिल्ह्यात कुठलं काम वाढेल, कुठलं आटेल, कुणाच्या हाताला काम मिळेल, याचा अंदाज बांधायला सरकारने त्याला अकरा महिन्यांच्या करारावर नेमलं होतं. करार संपत आला होता. अहवाल चांगला झाला तर पुढचा करार मिळणार होता.

"बासष्ट दिवस मोजलंय, बाबा. रोज सकाळी साडेनऊला. समोरच्या हॉटेलच्या माडीवरून."

"वरून?"

"जवळ गेलं की माणसं वेगळी वागतात. मोजणी बिघडते." हे सांगताना तो जरा ताठ झाला. "साडेनऊपर्यंत कामाची माणसं निघून जातात. मागे राहतात ती बघा. अडतीस. एक्केचाळीस. चाळीस. एकोणचाळीस. बासष्ट दिवस तेच. म्हणजे या नाक्यावर चाळीस जण असे आहेत की ज्यांना कुणी नेत नाही. त्यांच्या अंगात हुन्नर नाही. आज नाही, तर दहा वर्षांनी कुठून मिळणार काम?"

"त्यांची नावं काय?"

"नावं कशाला? आकडा पुरतो."

बाबांनी तांब्या पुन्हा भरून ठेवला.

निशिकांतने मग सगळं समजावून सांगितलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट कळवळाच होता. माणसांनी उन्हातान्हात बाजारातल्या जनावरांसारखं उभं का राहायचं? मोबाइलवर प्रत्येकाचं नाव येईल. ज्याचं काम चांगलं, त्याचं नाव यादीत वर. ठेकेदार घरबसल्या वरून माणसं निवडेल. नाका बंद होईल, शेडच्या जागी गाड्या लावायची सोय होईल. आणि ते चाळीस उगीच आशेवर दिवस काढण्यापेक्षा दुसरं काहीतरी शोधतील.

"शुक्रवारी बैठक आहे. अहवालावर माझी सही झाली की पुढच्या महिन्यात शेड निघेल. फक्त एक रकाना राहिलाय. स्थानिक जाणकारांचं मत. सगळे म्हणतात, नाक्याचं बाबांना विचारा."

"मला त्या चाळिसांचं ठाऊक नाही," बाबा म्हणाले. "मी त्यांना कधी बघितलंच नाही."

निशिकांतला हसू आलं. नाक्यावर ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे माहीत नसावं?

"उद्या सहाला ये. नाक्यावर उभा राहा."

"मी?"

"चाळिसांचं विचारतोस ना? एक्केचाळिसावा हो."

"बाबा, मी अभ्यास करणारा माणूस…"

पण बाबांनी डोळे मिटले होते. रकाना भरायचा तर दुसरा इलाज नव्हता.

बुधवारी सकाळी सहाला निशिकांत नाक्यावर हजर झाला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, बाह्या तेवढ्या दुमडल्या होत्या. कुणीतरी त्याला मागच्या बाजूला उभं केलं. नवा माणूस मागे, एवढंच सांगितलं.

शेजारी गळ्यात उपरणं टाकलेला, पन्नाशीचा गोरख मिस्त्री उभा होता.

"काय काम करता, पाव्हणं?"

"अर्थशास्त्र."

गोरखने थोडा विचार केला. "सेंट्रिंगपैकी आहे का ते?"

"नाही. तसं नाही."

"मग बिगारी सांगा. इचारणाऱ्याचा घोळ हुतो."

टेम्पो येऊ लागले. ठेकेदार उतरत, दोन शब्द बोलत, माणसं चढत. निशिकांत टाचा उंचावून बघत होता. पहिल्या तासाला त्याला मौज वाटली. दुसऱ्या तासाला त्याने दुमडलेल्या बाह्या आणखी वर सारल्या. तिसऱ्या तासाला एक ठेकेदार सरळ त्याच्याकडे येताना दिसला आणि तो नकळत एक पाऊल पुढे झाला. ठेकेदाराने काडीपेटी मागितली. ती नव्हती, म्हणून तो पुढे गेला.

हे निशिकांतला लागलं. त्याच्या गाठीला दोन सुवर्णपदकं होती. आपल्याला कुणी नेलं नाही म्हणून एवढं वाईट वाटेल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर त्याने ते हसण्यावारी नेलं असतं.

साडेनऊ वाजले. गर्दी विरळ झाली. त्याने सवयीने मोजलं. त्याच्यासकट एक्केचाळीस.

समोरच्या माडीची ती खिडकी त्याला इथून प्रथमच दिसली. तिथून आपण कसे दिसत असू, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. हुन्नर नसलेला माणूस, वहीतली एक रेघ.

गोरखही राहिला होता.

"फरशी तुमच्याइतकी सरळ कुणाची बसत नाही, असं मघाशी इथले गडी म्हणत होते," निशिकांतने विचारलं. "मग तुम्ही कसे मागे राहिलात?"

"सोमवारी, काल, दोन्ही दिस झालं की माझं काम." गोरख उपरण्याने तोंड पुसत म्हणाला. जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

शेवंताबाई नावाची बिगारी बाई भाकरीचं फडकं सोडून बसली होती. तिने न विचारता अर्धी मोडून त्याच्या हातावर ठेवली, वर ठेचा घातला. त्याने डबा आणला नव्हता हे तिने कधी बघितलं कोण जाणे. निशिकांत भाकरी खाली मान घालून खात राहिला. रिकामं परत जाणाऱ्याला कुणीतरी घास द्यावा, याची त्याला इतकी गरज भासेल असं त्याला वाटलं नव्हतं.

दुपारी तो तकियावर गेला.

"नाही मिळालं."

"उद्या ये."

"बाबा, परवा सही आहे."

"उद्या ये."

गुरुवारी तो आपणहून मागे जाऊन उभा राहिला. गोरखने येऊन त्याचं कोपर धरलं.

"हितं न्हाई. पुढं चला."

"मी नवा आहे ना?"

"नवं काल हुतासा. काल रिकामं गेलासा. काल रिकामा गेला त्यो आज पुढं."

गोरखने त्याला चालवत अगदी रस्त्याच्या कडेला आणलं. निशिकांतने आजूबाजूला बघितलं. शेवंताबाई. काल मागे राहून शेडखालीच झोपलेला एक रंगारी. काल त्याच्याबरोबर मागे राहिलेले सगळे चेहरे आज पुढच्या रांगेत होते. आणि काल टेम्पोत चढून गेलेले, धडधाकट, कामात तरबेज गडी आज मागे भिंतीला टेकून बिड्या ओढत होते. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. ज्याची त्याला जागा ठाऊक होती.

एक टेम्पो थांबला. ठेकेदाराला स्लॅबसाठी सहा माणसं हवी होती. त्याने पुढून पाच घेतली आणि निशिकांतपाशी येऊन थबकला.

"हात दाखवा."

निशिकांतने हात पुढे केले. आयुष्यात त्याला कुणी पदवी विचारली होती, गुण विचारले होते. हात कुणी बघितले नव्हते.

"हे काय घमेली उचलणार?" ठेकेदाराने मागे बघितलं. "ए धोंडीराम, चल तू."

धोंडीराम साडेसहा फुटी गडी. तो भिंतीपासून हलला नाही. पायाने माती सारखी करत राहिला.

"चल की. तुला जास्त देतो."

"पुढनं घ्या, शेठ."

"मला तू पायजेस."

"माझं काल झालं," धोंडीराम म्हणाला.

ठेकेदाराने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. मागून माणूस उचलला तर उद्या या नाक्यावरून आपल्याबरोबर कुणी येणार नाही, हे त्याला पुरतं माहीत होतं. तो काहीतरी पुटपुटला आणि निशिकांतला टेम्पोकडे बोट दाखवलं.

स्लॅबच्या साखळीत निशिकांत दिवसभर उभा होता. खालून घमेलं यायचं, वर द्यायचं. दुसऱ्या तासाला हाताला फोड आले. शेवंताबाई त्याच्या खालच्या पायरीवर होती. तिने त्याच्याकडे येणारी घमेली अर्धी भरून द्यायला सुरुवात केली आणि मुकादमाने पाहिल्यावर वाळू संपत आल्याचं सांगितलं. ती धडधडीत खोटं बोलत होती. निशिकांतला रडू येईल असं वाटलं, म्हणून तो जोरात काम करायला लागला.

उन्हं कलताना तो तकियावर आला. पायऱ्या चढताना गुडघे वाकत नव्हते. बाबांनी तांब्या उचलला आणि त्याच्या तळहातांवर पाणी सोडलं. फोड चरचरले.

त्याने हात मागे घेतले नाहीत.

"बाबा, रोज चाळीस जण राहत होते. बासष्ट दिवस. माझी मोजणी चुकली नव्हती."

बाबा पाणी ओतत राहिले.

"पण ते चाळीस रोज वेगळे होते. सलग दोन दिवस त्यातलं कुणी मागे राहिलंच नसेल. मी वरून डोकी मोजली. तोंडं बघितलीच नाहीत."

"हं."

"आणि माझी यादी… चांगला तो वर. म्हणजे धोंडीराम रोज वर, गोरख रोज वर. ठेकेदार रोज वरूनच उचलणार. खाली जे राहतील, ते मग रोज तेच राहतील. शेवंताबाई रोज राहील." त्याने खाली शेडकडे बघितलं. "असे चाळीस इथे नव्हतेच. ते मीच तयार करायला निघालो होतो. शेड काढून, सही करून."

खाली नाक्यावर शेडची सावली रस्त्यापर्यंत लांबली होती. तिथे आता कुणी नव्हतं, नळ तेवढा थेंब थेंब गळत होता. बाबांनी रिकामा तांब्या बाजूला ठेवला आणि कफनीच्या टोकाने त्याचे हात टिपले. एकेक बोट, फोड दुखू नये असं.

"उद्या बैठकीत हे सांगावं लागेल," निशिकांत म्हणाला. "सगळ्यांसमोर. अख्खा अहवालच चुकला म्हणून. साहेबांनी शेडच्या जागेचं सगळं ठरवून टाकलंय. त्यांना हे ऐकायचं नाहीये. माझा करार संपतोय, पुढचा तेच देणार. मी हे बोललो तर उद्याच मला घरी बसवतील."

"बोलणार आहेस?"

निशिकांतने आपल्या हातांकडे बघितलं. मग खालच्या रिकाम्या नाक्याकडे.

"बोलणार आहे."

निशिकांतला घरी आई होती, दीड वर्षाची मुलगी होती. दुसरी नोकरी लगेच मिळेल असा अंदाज त्याला बांधता येत नव्हता. दहा वर्षांनंतरचं सांगणारा माणूस, पण त्याला परवाचं काही दिसत नव्हतं.

"भीती वाटते, बाबा," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळी मी रिकामा माणूस असेन."

बाबांनी त्याचे दोन्ही हात हलकेच त्याच्या मांडीवर ठेवले.

"मग परवा पुढं उभा राहा."