अर्धवटाईचा माळ

करवंदसोंडीच्या माळावर अर्धवटाईचं देऊळ आहे. भिंती कमरेपर्यंत येऊन थांबल्या आहेत. वर ना छप्पर, ना कळस. नवखा माणूस पाहतो आणि हमखास विचारतो, "गवंडी पळाला का?" मग रखमाजी गुरव हातातली घंटी खाली ठेवतात आणि म्हणतात, "बसा. गवंडी न्हाई पळाला. त्याला थांबवला."

या माळावर पूर्वीही शतावरी उदंड होती, असं सांगतात. एका वेलाखाली शंभर मुळं, म्हणून तिला शतमुळी म्हणतात. पांढरी, गुबगुबीत मुळं सोलायची, वाळवायची, कुटायची आणि दुधात उकळून बाळंतिणीला द्यायची. अंगावरचं दूध वाढायला, झिजलेला देह भरून यायला याहून चांगलं काही नाही, असा जुन्या बायकांचा ठाम विश्वास.

वाडीची सुईण बयजा. तिच्या हाताला गुण होता आणि तिला तो माहीतही होता. मुळं काढावीत तर बयजानेच. वेलाखाली एक तंतूही उरायचा नाही. "काम कसं पुरतं पायजे," हे तिचं ब्रीद. सून साळू मात्र नेमकी उलटी. मुळं काढायला पाठवली की निम्मीच आणायची, उरलेल्यांवर माती लोटून वर चपटा धोंडा ठेवायची. बयजा चारचौघांत तिला म्हणायची, "अर्धवट हाय मेली! डोस्क्यानंबी आन् कामानंबी." साळू खाली मान घालून ऐकून घ्यायची. पण पुढच्या खेपेला पुन्हा निम्मीच मुळं यायची.

पुढे साळू बाळंत झाली, ऐन चैत्रात. नातू झाला, पण आईला पान्हा फुटेना. शेळीचं दूध पोराला पचेना, आणि वाडीत दुसरी पाजणारी बाई नव्हती. पोर रडायचंसुद्धा थकलं. बयजाच्या घरातलं चूर्ण तर केव्हाच वाडीभर वाटून संपलेलं. ती कुदळ घेऊन माळावर धावली.

माळ करपलेला होता. वेल वाळून गेलेले, वर काही खूण नाही. आठवेल तिथे तिने खणलं. सगळे तिनेच पूर्वी खणलेले खड्डे, आणि सगळे तिच्याच हातचे, पुरते! म्हणे तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा बयजाला स्वतःच्या हातांची भीती वाटली. जगभरच्या लेकरांना दूध देणारी बाई, आणि घरचं लेकरू उपाशी. ती मोकळ्या हातांनी परतली आणि सुनेच्या बाजेपाशी मटकन बसली.

"साळे, माळ रिकामा केला गं मी."

साळू क्षीण आवाजात म्हणाली, "आत्याबाई, करवंदीच्या जाळीखाली बघा. चपट्या धोंड्याखाली. माजी अर्धी हायेत."

बयजा पुन्हा गेली. धोंडा उचलला, माती सारली. खाली मुळं होती, ओली, दुधासारखी पांढरी. निम्मी काढून झाली आणि सवयीने हात उरलेल्यांकडे वळला. तिथेच तो थांबला. बयजाने माती लोटली आणि धोंडा होता तसा ठेवला. असं अपुरं काम तिने जन्मात केलं नव्हतं, आणि इतकं समाधानही तिला कधी मिळालं नव्हतं.

ओलीच मुळं ठेचून दुधात उकळली, ते साळूने घेतलं. दुसऱ्याच दिवशी पान्हा फुटला आणि पोर चुटूचुटू पिऊ लागलं. धोंडा उचलतानाच बयजा माळावर देऊळ बांधायचा नवस बोलली होती. भिंती कमरेला आल्या तेव्हा तिने गवंड्याला थांबवलं. "बास कर. ऱ्हायलेलं म्होरल्यास्नी." देवीचं नावही तिनेच ठेवलं. ज्या शब्दाने सुनेला हिणवलं होतं, तोच शब्द तिने देवळात बसवला.

आजही करवंदसोंडीत शतावरी पुरती कुणी उपटत नाही. निम्मी घेतात, निम्मी झाकतात आणि वर चपटा धोंडा ठेवतात. माळ आजही वेलांनी भरलेला आहे, डोळ्यांनी पाहून घ्या. आणि आजही मुलगी बघायला गेलेली इथली सासू पहिला प्रश्न करते, "पोरगी अर्धवट हाय न्हवं?"

मुलीची आई ताठ मानेने सांगते, "पुरती अर्धवट!"