एकटीचं उड्डाण

"सर, मला एकटीला विमान कधी नेऊ देणार?"

केतकीचे शिक्षक कॅप्टन परकार चहा पीत राहिले.

"तुकडीतले सगळे एकेकटे उडून आले. परीक्षेत पहिली मी. तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही."

"खरं आहे," परकार म्हणाले. "चल."

एका विमान कंपनीने माळरानावर स्वतःची वैमानिक अकादमी काढली, तिथली ही गोष्ट. बाहेरून घेतलेले वैमानिक वाद घालतात, तेव्हा आपले आपणच घडवावेत, असा कंपनीचा विचार. 'आज्ञापालन हेच उड्डाण' असं भिंतीवर रंगवलेलं होतं. भिंतीला काय, काहीही लिहून घेते बिचारी. पण केतकी गुंजाळ ते मनापासून वाचायची.

आज तिला एकटीने उडता आलं नाही, तर घरी पाठवायचं, असं संचालक निंबकरांनी ठरवलं होतं. ते स्वतः धावपट्टीच्या कडेला येऊन उभे होते.

विमान उतरायला वळलं. वारा आडवा. वेग जास्त, आणि धावपट्टी एका अंगाला सरकत चाललेली.

"उतरव," शेजारून परकार म्हणाले.

"येस सर."

जमीन अगदी जवळ आली, तेव्हा परकारांनीच विमान हातात घेऊन वर ओढलं.

"तुम्हीच म्हणालात, उतरव."

"म्हणालो."

…

केतकीला संताप आला, आणि रडूही.

पुन्हा फेरी. वारा तोच. विमान तसंच तिरकं.

"उतरव."

तिने सरकत्या धावपट्टीवर नजर ठेवली.

"केतकी, मी सांगतोय."

"नाही, सर."

"खाली निंबकर बघतायत. आज घरी जाशील."

"जाईन." तिने इंजिनाला पुरता जोर दिला आणि विमान वर नेलं. "आणि आता हात लावू नका. विमान माझ्याकडे आहे."

परकारांनी हात मांडीवर ठेवले.

वारा पडेपर्यंत ती घिरट्या घालत राहिली. मग कुणालाही न विचारता सरळ रेषेवर उतरली.

इंजिन चालू ठेवायला सांगून परकार खाली आले. निंबकर तणतणत सामोरे आले.

"दुसऱ्यांदा वर का गेलात?"

"मी उतरव म्हणालो. तिने ऐकलं नाही."

"शिक्षकाचं ऐकत नाही? असली माणसं तयार करायला अकादमी काढली का आम्ही? आजच्या आज घरी पाठवा तिला."

…

परकार मागे वळले. विमानात वाकून त्यांनी आपल्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा घट्ट बांधला. आत एकच माणूस असलं की तसा बांधतात, मोकळा पट्टा उडताना कुठे अडकू नये म्हणून. मग दार लावून त्यांनी केतकीला धावपट्टीकडे हात केला.

"अहो, एकटीला कुठे सोडताय?" निंबकर ओरडले. "ती तुमचंसुद्धा ऐकत नाही."

विमान निघालं.

परकार म्हणाले, "म्हणून तर मी उतरलो."