हंडीने पाहिलेलं स्थळ

घरी बियर करायचं खूळ आमच्या गावात नुकतंच शिरलं होतं, तेव्हाची गोष्ट. निरंजन सामंतांनी अंगणात बियर उकळायला भली मोठी हंडी आणली आणि दुकानातून दोन गॅसचे बर्नर पसंतीसाठी मागवले. "बसायचंय तुला, तेव्हा तूच पाहून घे," ते हंडीला म्हणाले.

मग रीतसर बघण्याचा कार्यक्रम झाला. पहिला बर्नर उंच, काटकुळ्या पायांचा. भस्सकन निळा जाळ सोडून तो म्हणाला, "माझा आवाज चार घरं पलीकडे जातो!" हंडी लाजली.

दुसरा बुटका, फताड्या पायांचा. त्याने खालूनच विचारलं, "बाई, भरल्यावर तुमचं वजन किती होतं?"

"पहिल्याच भेटीत वजन विचारतो! काही रीतभात?" हंडी खणखणली आणि तिने उंच्याला होकार दिला.

रविवारी ती काठोकाठ भरून उंच्यावर चढली. उकळी फुटतेय तोच त्याचे पाय थरथरले, वाकले आणि हंडी धाडकन आडवी झाली. जवाचं गोड पाणी अंगणभर वाहिलं. सामंत उडी मारून तुळशीच्या कट्ट्यावर चढले, म्हणून वाचले.

घरंगळत बुटक्यापाशी आलेली हंडी पोचा लपवत पुटपुटली, "साठ किलो. पण कुणाला सांगू नका."