शेवंतीचं दार आणि सुखारण्याची सुरक्षा

नदीच्या अलीकडे सुखारण्य नावाचं एक राज्य होतं. तिथं झाडं उंच होती, सावली थंड होती आणि राजा सिंह होता. या भागात सिंह मुळात आला कुठून, असं पूर्वी एक ससा विचारायचा. हल्ली तो विचारत नाही. म्हणजे, दिसतच नाही.

एकदा निवडणूक जवळ आली. पाणवठा आटत चालला होता आणि गेल्या वेळी कबूल केलेलं गवत अजून उगवायचं होतं. या दोन विषयांवर निवडणूक लढवणं बरं दिसलं नसतं, म्हणून राजाने गृहमंत्री तरसरावांना तिसरा विषय शोधायला सांगितलं. तरसराव जन्मापासूनच हसऱ्या चेहऱ्याचे. वाईट बातमीही ते हसत देत, त्यामुळे जनतेत त्यांच्याबद्दल आपुलकी होती.

तरसराव नदीकाठी गेले, पलीकडून येणारी पाखरं बघत बसले आणि विषय घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी नदी ही सरहद्द असल्याचं जाहीर झालं. तोवर ती नुसती नदी होती. बाहेरून आलेल्या प्रत्येकाने पौर्णिमेपर्यंत निवासाचा परवाना घ्यावा, नाहीतर पाणी ओलांडून परत जावं, असा हुकूम निघाला. माकडांना घोषणा नेमून दिली गेली: "जंगल आपलं, झाड आपलं, फळाचं नंतर बघू."

आता झालं असं होतं, की नुकतंच धनेश पक्ष्याचं एक जोडपं पलीकडून आलं होतं. नवरा रंगनाथ, बायको शेवंती. पलीकडची ढोल्यांची जुनी झाडं सगळी तोडून झाली होती आणि धनेशाला ढोलीशिवाय संसार करता येत नाही. सुखारण्यात त्यांना एका म्हाताऱ्या बेहड्याच्या झाडात हवी तशी ढोली मिळाली. शेवंती आत शिरली आणि त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे तिने चिखलाने दार आतून लिंपून घेतलं. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवली. अंडी घातली, पंखांची पिसं गाळली, दोन पिल्लं निघाली. पिल्लं मोठी होईपर्यंत तिने आत बसायचं आणि नवऱ्याने बाहेरून उंबरं आणून फटीतून भरवायची. त्यांच्यात यालाच लग्न म्हणतात.

म्हणजे रंगनाथला नदीपलीकडे घालवलं असतं, तर बेहड्याच्या पोटात बायको आणि दोन पिल्लं उपाशी मेली असती.

तो परवाना कचेरीत गेला. खिडकीत घोरपडबाई होत्या. कितीतरी राजे आले आणि गेले, बाई खुर्चीला चिकटून होत्या.

"सगळ्यात सोपा तो सुवर्ण परवाना," बाई म्हणाल्या. "येताना काहीतरी घेऊन यायचं. आत्ताच मगरसाहेब येऊन गेले. पलीकडचं अख्खं तळं रिकामं करून सगळं घेऊन आले होते. आम्ही त्यांना चहा दिला."

रंगनाथच्या चोचीत चार उंबरं होती. बाईंनी ती पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दुसरा परवाना आश्रिताचा. त्यासाठी आपल्याला कुणी खायला टपलंय हे सिद्ध करावं लागे, आणि टपलेल्याची सही आणावी लागे. एक भेकर सही आणायला गेलं होतं. सही आली, भेकर आलं नाही. तिसरा कुशल कारागिराचा. रंगनाथने भीत भीत सांगितलं, की आम्ही फळं खाऊन जिथं जिथं बसतो तिथं पुढं झाडं उगवतात. बाईंनी नियम चाळले. हे कौशल्यात बसत नव्हतं, अस्वच्छतेत बसत होतं.

राहिला कौटुंबिक.

"बायको इथंच राहते?"

"इथंच. आल्यापासून घराबाहेर पाऊल नाही."

घोरपडबाईंना पहिल्यांदाच कुणाबद्दल आदर वाटला. अखंड वास्तव्याची अट इतक्या कडकपणे राज्यात कुणीच पाळली नव्हती, राजानेही नाही. शेवंतीला कायमचा निवास मिळायला काहीच हरकत नव्हती आणि तिच्यामागोमाग नवऱ्यालाही मिळाला असता. फक्त तिने एकदा समक्ष येऊन पंजा उमटवायचा होता.

"ती बाहेर आली तर भिंत फुटेल हो बाई. पिल्लं उघडी पडतील."

"शिवाय अखंड वास्तव्य मोडेल," बाई म्हणाल्या. "मग अर्ज बाद. तेव्हा त्यांनी येऊच नये. पण आल्याशिवाय काम होणार नाही."

रंगनाथने घरी येऊन हे सगळं फटीशी सांगितलं. आतून उंबर गिळल्याचा आवाज आला.

"आणि तुम्ही 'बरं' म्हणून आलात," शेवंती म्हणाली.

"आलो."

"लग्नाआधी माझ्या बापाने ढोली बघाल ना विचारलं तेव्हाही तुम्ही 'बरं'च म्हणाला होतात. अहो, मला जाता येत नाही, त्या मंत्र्याला तर येता येतं ना? बोलवा त्याला."

निवडणुकीचे दिवस असल्यामुळे मंत्री कुठंही येत असत. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तरसराव लवाजम्यानिशी बेहड्याखाली हजर झाले. बाहेरच्यांचं बेकायदा बांधकाम सर्वांसमक्ष पाडून दाखवायचा बेत होता. त्यासाठी सोबत हत्ती आणला होता. हत्तीने सोंड वर केली. रंगनाथ आडवा येऊन फांदीवर बसला आणि आयुष्यात प्रथमच 'बरं' म्हणाला नाही.

"हे दार कुणी लिंपलं?" तरसरावांनी खालून विचारलं.

"मी," फटीतून चोच बाहेर आली.

"कशासाठी?"

"बाहेरचं कुणी आत घुसू नये म्हणून."

तरसराव हसायचे थांबले. जनतेने त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मग ते गर्दीकडे वळून बोलू लागले, की आम्ही जे साऱ्या राज्याला पटवून देतोय ते या माउलीने घरच्या घरी करून दाखवलं, आणि तेही सरकारी चिखलाचा एक गोळा न घेता. शेवंतीचं अजून एक वाक्य राहिलं होतं. पिल्लांना पंख फुटले की हे फोडायचं असतं, असं ती सांगत होती. ते माकडांच्या घोषणेत बुडालं.

त्याच संध्याकाळी 'घर तिथं भिंत' योजना जाहीर झाली. प्रत्येक अस्सल सुखारण्यवासीयाने आपापलं दार आतून लिंपून घ्यावं. चिखलाचं कंत्राट मगरसाहेबांना मिळालं. त्यांच्याकडे रिकाम्या तळ्याचा चिखल पुष्कळ होता. राजाने गुहेचं तोंड लिंपून शुभारंभ केला. तरसरावांनी बिळाचं लिंपलं, घोरपडबाईंनी खिडकीचं. हत्ती कशातच मावेना, तेव्हा त्याच्यावरच लिंपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मतदान फटीतून नाक बाहेर काढून झालं. दुसरा उमेदवार कुणाला दिसला नाही, त्यामुळे राजा निवडून आला.

मग दुपार झाली आणि सगळ्यांना भूक लागली.

भरवायला कुणीतरी बाहेर असावं लागतं, हे तेव्हा लक्षात आलं. बाहेर फक्त बाहेरचे होते. लगोलग नवा सेवा परवाना निघाला: बाहेरच्यांनी राज्यात राहावं, बाहेरच राहावं, आणि आतल्यांना भरवावं. पहिला परवाना रंगनाथला मिळाला. सही नको, पंजा नको. पौर्णिमा आली आणि गेली. तो आधी बेहड्यावर जाई, मग बाकीच्या फटींकडे. सिंहाने उंबर खाल्ल्याची इतिहासात नोंद नाही. होती, ती काढून टाकण्यात आली.

यथावकाश पिल्लांना पंख फुटले. शेवंतीने चोचीने दार फोडलं, बाहेर येऊन अंग झाडलं आणि नव्या पिसांनी बेहड्याभोवती एक मोठी फेरी मारली. शेजारच्या फटींतून नाकं बघत होती.

"फोडा की आता," ती त्यांना म्हणाली. "एवढ्यापुरतंच असतं ते."

नाकं आत गेली. बाहेर आली म्हणजे ती बाहेरचीच, असं आत ठरलं. वास्तव्य मोडल्यामुळे शेवंतीचा अर्ज बाद झाल्याचं घोरपडबाईंनी भिंतीआडून कळवलं. तोवर उंबरांचा बहर होता, पाणवठ्यावर गर्दी नव्हती आणि पिल्लं उडायला शिकत होती, म्हणून ते कुणी फारसं ऐकलं नाही.

संध्याकाळी रंगनाथ रोजच्यासारखा गुहेपाशी गेला.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"बाहेरचा, महाराज. जेवण आणलंय."

"फार झालेत रे हल्ली बाहेरचे," राजा म्हणाला, आणि त्याने फटीला तोंड लावलं.