विझलेला तारा

वेधशाळा नवी होती, तेव्हाची गोष्ट. तिथे एक रुंद भिंग आलं. एकाच फोटोत ते अर्धं आकाश टिपायचं, पण कडेचे तारे जागेवरून बाहेर ढकलायचं.

जुनं, अरुंद भिंग त्याला म्हणालं, "वेधशाळेच्या कालिंदीबाईंना खरं सांग. कड किती ताणते हे कळलं, तर त्या हिशेबाने दुरुस्त करतील."

"आणि माझा मान घालवू? कडेला बघतंय कोण!"

कालिंदीबाईंनी दोन्ही भिंगांचे फोटो ताडून पाहिले. कडेचा एक मंद तारा दोन्हींत वेगळ्या जागी होता. "जुन्या भिंगाचीच चूक," म्हणत त्यांनी ते अडगळीत टाकलं आणि रुंद भिंगावरून नकाशा छापला.

पुढे नकाशातल्या जागी दुर्बीण वळवली, की अंधारच दिसे. तारा विझला, असं सगळ्यांनी ठरवलं. तो थोडा अलीकडे, तसाच तेवत होता.