बाभळीवरचं घरटं

फार वर्षांमागे, माणसं पाखरांची भाषा अजून विसरली नव्हती तेव्हा, एका माळावर पिवळ्या नावाचा सुगरण पक्षी राहत होता. विणीच्या दिवसांत त्याची बायको राखी म्हणाली, "अहो, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला घरटं बांधा. तिथं साप पोचत नाही."

"तिथं माझं विणकाम बघणार कोण?" म्हणत पिवळ्याने वाटेवरच्या बोरीला घरटं टांगलं. येणारी-जाणारी पाखरं थांबून वाहवा करत. पण पिल्लांचे डोळे उघडायच्या आतच सापाने दोन्ही गिळली.

त्यानंतर पिवळ्या रोज विहिरीकाठी जाऊन बसे. "इथं बांधलं असतं, तर आज मी पिल्लांना उडायला शिकवत असतो. तो मी किती सुखी असतो!"

राखीने बरेच दिवस ऐकून घेतलं. मग ती हलकेच म्हणाली, "इथं बांधणारा तुम्ही नसताच. तो बायकोचं ऐकणारा दुसराच कुणी असता. त्याची पिल्लं उडोत बापडी. आपली गेली, त्यांच्यासाठी तुम्ही एकदाही रडला नाहीत."

पिवळ्याने मान खाली घातली. त्या संध्याकाळी, पिल्लं गेल्यापासून पहिल्यांदाच, तो बोरीवरच्या घरट्यात शिरला. तळाच्या गवतात दोन इवले खळगे अजून तसेच होते. त्यांच्याशेजारी बसून तो रडला.